मागून आणलेलं झबलं

आमच्याकडं तान्ह्या बाळाला पहिल्यांदा नवं कापड घालत नाहीत. ज्या घरात मूल धडधाकट वाढतंय, तिथून त्याचं जुनं झबलं मागून आणतात. परवा समोरच्या काकू नातवासाठी असं झबलं मागत आळीतून फिरत होत्या.

"काकू, मास्तरांकडं असतील की," कुणीतरी म्हणालं.

"गप गं बया! तिथलं नको."

मास्तर म्हणजे मीच; खिडकीत उभा होतो. बायको भाजी निवडत होती. तिनंही ते ऐकलं.

काकूंचा राग आला नाही. आमचा मुलगा अकरा महिन्यांचा असताना वारला. त्याचं झबलं कोण नेईल? डॉक्टर म्हणतात, त्याचा आजार आई-बापाच्या रक्तातून येतो, पुढच्या बाळाला होईलही, किंवा होणारही नाही. विज्ञान शिकलेल्या मला हे वाक्य कळतं, पण त्याच्या भरवशावर पाऊल कसं टाकायचं ते कळत नाही. माझ्या आईची दोन मुलं गेली होती. तरी तिनं देवावर हवाला ठेवला, म्हणून मी जन्मलो, घरातला पहिला पदवीधर झालो. तिच्या त्या विश्वासाचे उपकार माझ्या श्वासाश्वासावर आहेत. तो विश्वास मात्र माझ्यात उतरला नाही.

संध्याकाळी बायकोनं खाली मान घालून विचारलं, "अहो, आपल्याला झबलं लागलं, तर कुणी देईल का?"

"देतील की," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं. तेव्हा लक्षात आलं, मी झबल्याला नाही, पुढच्या बाळाला होकार दिला होता.