बोट करून दाखवलेला बेडूक

स्पेनमधल्या सालामांकात परदेशी विद्यार्थिनींना खोली देणाऱ्या एउफ्रासियाबाईंचा एकच नियम होता: विद्यापीठाच्या दारावर कोरलेला बेडूक कुणी कुणाला दाखवायचा नाही. ज्याचा त्याने शोधला तरच तो परीक्षेत पास होतो, असं गाव मानतं. पूर्वी त्यांच्याकडे राहणाऱ्या लाडक्या लुद्मिलाला बाईंनीच बोट करून तो दाखवला होता. ती नापास झाली आणि त्याच आठवड्यात तोर्मेस नदीत बुडाली.

आज नवी भाडेकरू इलिंका नाचतच घरात शिरली. "मावशी, एकदाचा दिसला तुमचा बेडूक!"

"तुझा तूच शोधलास ना गं?"

"छे! ओल्या केसांची एक मुलगी भेटली, तिनं बोट केलं. तुम्हाला ओळखते म्हणाली."

बाईंनी दाराला कडी घातली. "निकाल लागेपर्यंत नदीकडे फिरकायचं नाही," म्हणत त्या इलिंकाचा हात घट्ट धरून जपमाळ ओढू लागल्या.