मोहनसिंगची रिकामी तार

हट्ट्याजवळच्या एका तांड्यावर मोहनसिंग हा एकच वायरमन, आणि तोही कुणी न नेमलेला. शिक्षण सातवी. वसमतला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात दोन वर्षं राबून त्यानं हा हुन्नर उचलला होता. तांड्यावरचा प्रत्येक बल्ब, प्रत्येक पंखा त्याच्या हातचा. खांबावरून घरात एक लाल तार यायची. परतीची तार खांबावर नव्हतीच. म्हणून मागच्या भिंतीपाशी जमिनीत लोखंडी गज ठोकायचा, पंख्याची काळी तार त्याला बांधायची आणि गजाच्या बुडाशी रोज तांब्याभर पाणी ओतायचं.

करंट म्हणजे काय, हे तो झकास समजावून सांगे. "आमच्या आज्याचे बैल मिठाच्या गोण्या घेऊन जायचे, माल टाकून रिकामे यायचे. तसंच हे. लाल तार भरलेली येती, पंखा माल उतरून घेतो, काळी रिकामी जाती."

मी हट्ट्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. हे साफ चूक आहे, हे मला ठाऊक होतं. जेवढा करंट येतो तेवढाच परत जातो, पंख्यात तो संपत नाही. पण आमच्या पुस्तकात करंटचा बाण धनाकडून ऋणाकडे, इलेक्ट्रॉन मात्र उलटे. का, तर इलेक्ट्रॉन सापडायच्या आधीच कुणीतरी बाण ठरवून मोकळं झालं! पोरांना ते सांगता सांगता माझ्या नाकी नऊ यायचे. मोहनसिंगचे बैल त्यांना एका दमात कळले. मी ते वर्गात खुशाल सांगू लागलो, आणि त्यालाही हसून "बराबर" म्हणालो.

२००१ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्याची बायको भिकाबाई गेली. तो तापानं बाजेवर पडलेला असताना पंखा थांबला. गजाची तार निसटली होती. भर दुपारी, ओल्या मातीत अनवाणी उभं राहून तिनं ती हातात धरली.

पंधरा दिवसांनी तो शाळेत आला. रडला नाही. व्हरांड्यात बसला आणि शिपायानं दिलेला चहा तसाच निवू दिला.

"सर, रिकाम्या तारंत करंट कुठून आला?"

पंख्यात बिघाड असेल, असं म्हणून मला सुटता आलं असतं. तोही सुटला असता. शब्द ओठांवर आले होते. पण तांड्यावर अजून चाळीस घरांत तशाच काळ्या तारा होत्या.

"ती रिकामी नसते," मी म्हणालो. "गजापासून निसटली की लाल तारेचा जोर पंख्यातून तिच्या टोकापर्यंत येऊन थांबतो. हात लावला की माणसातून जमिनीत जातो."

"मंग येणारी कोन्ती अन् जाणारी कोन्ती?"

"घरातल्या विजेत तसं काही नसतं. ती सेकंदात पन्नास वेळा मागंपुढं होते. मोहनसिंग, मीच तुला बराबर म्हणालो होतो. माझं चुकलं."

मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. त्यानं नुसती मान हलवली, कुणी गाडीची वेळ सांगितल्यावर हलवावी तशी.

"तिनं इचारलं व्हतं, सर," तो म्हणाला. "बटन बंद करू का म्हून. म्या म्हणलो, काहून? काळ्या तारंनं काय व्हतंय."