मेणात राहिलेले बाबा

बाबा देवळीच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. शौचाला रक्त पडू लागलं तेव्हा निदान त्यांनी स्वतःच केलं, मूळव्याध. आणि मूळव्याध म्हटली की आमच्या गावात जो तो वैद्य. कुणी सुरण आणून दिला, कुणी ताक पाजलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. ऑपरेशननंतर वर्षभरही ते राहिले नाहीत. अस्थी धाम नदीत सोडल्या आणि सगळं संपलं, असं आई धरून चालली.

पुढे काही वर्षांनी, ऑपरेशन झालं त्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी संशोधनाला लागले. विषय होता सूज आणणारं एक एन्झाइम. जखम झाली की शरीर ते तयार करतं आणि जखम भरली की थांबतं. आतड्यातल्या गाठीत मात्र ते थांबतच नाही, उलट गाठीलाच वाढायला हात देतं. हे तपासायला जुन्या रुग्णांच्या गाठींचे तुकडे लागत. ते मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवलेले असतात आणि तपासताना ठोकळा थोडा थोडा कापावा लागतो. त्यात बाबांचाही होता, नखाएवढा. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, हवा तर वगळ. मला वगळायचा नव्हता आणि कापायचाही नव्हता. मला बाबा हवे होते.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी करत होती. तिचा हात थांबला.

"त्यायचं काही राह्यलं आहे अजून?"

मी हो म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली तरी ती तशीच बसून होती. मग म्हणाली, "कापजो. पन सगळं नोको संपवू."

ठोकळा यंत्राला लावला, पातळ पापुद्रे काढले. खाली पडलेला मेणाचा चुरा मी रोज ब्रशनं झटकून टाकायचे. त्या दिवशी ब्रश हातातच राहिला.

पापुद्रा काचेवर घेऊन त्यावर रसायनं घातली की एन्झाइम असेल तिथे तपकिरी रंग चढतो. बाबांची काच सगळी तपकिरी होती. "काई नाई, बरा आहो," म्हणत हा माणूस दिवसभर स्टँडवर उभा राहायचा. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तेच वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकावंसं वाटलं.

संध्याकाळी आई दारातच बसली होती. काय निघालं, हे तिनं विचारलंच नाही.

"ठेवले न थोडे?"

"ठेवले," मी म्हटलं.