राहिलेला घास

धोंडाबाई भ्र. सोपान थोरात, रा. कळंब, ता. आंबेगाव. वय अंदाजे अडुसष्ट. शिक्षण निरंक. व्यवसाय निरंक. उजव्या खुब्यात पट्टी एक, स्क्रू चार. सदर महिला घरकामास असमर्थ असून मुलावर पूर्णपणे अवलंबून आहे, असे दाखल्यात नमूद आहे.

ही असमर्थ महिला रोज संध्याकाळी सातला सुनेला, आरतीला, शेजारी बसवून मालिका बघायची. त्या दिवशी मालिकेतल्या नायिकेची आई गेली. जायला जाहिराती धरून बावीस मिनिटं लागली. नायिकेनं प्रेताला मिठी मारून हंबरडा फोडला, तसा धोंडाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि सहज शेजारी पाहिलं. आरतीचे डोळे कोरडे होते. पदराचं टोक तेवढं मुठीत पिळून पिळून त्याची दोरी झाली होती.

"भाजी टाकते," म्हणत ती उठली.

"गॅस पेटवू नको," धोंडाबाई म्हणाली. "मयत झालंय."

मुलगा आदेश मोबाइलमधून डोकं काढून हसला. "आई, ती बाई मेली न्हाई. पगार घिऊन घरी गेली."

"तू गप ऱ्हा."

फाल्गुनात आण्याला, माहेरी, आरतीची आई वारली, तेव्हा धोंडाबाई खुबा मोडून दवाखान्यात पडली होती. आरती मातीला गेली आणि दिवस मावळायच्या आत सासूच्या खाटेशी परत आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भाकरी येते, कुणीतरी बळंच पहिला घास भरवतं. आरतीला तो कुणी भरवलाच नव्हता. भरवणारी पायाला वजन बांधून निजली होती.

धोंडाबाई काठी टेकत शेजारच्या साळुबाईकडं गेली आणि मयताची पिठलं-भाकरी करायची म्हणाली.

"कोण गेलं गं?" पिठाचा डबा काढत साळुबाईनं विचारलं.

"आरतीची आई."

"आता गं बया! ती फाल्गुनात गेली की!"

"घास राहिला व्हता."

खाली बसता येईना, म्हणून ओट्याला पोट टेकून तिनं उभ्यानंच भाकऱ्या थापल्या. फडक्यात बांधून निघाली. पिठल्याचं पातेलं घेऊन साळुबाई मागं. घरी येऊन धोंडाबाईनं आरतीपुढं घास धरला.

"आत्या, टीव्हीतलं काय मनावर घेताय?"

"टीव्हीतलीला तिची माणसं हायेत. तू खा."

आरतीनं घास घेतला, पण तो गिळवेना. तोंडात तसाच धरून ती रडू लागली. नायिकेइतकं नेटकं तिला जमलं नाही. नाक, डोळे, सगळंच वाहत होतं. धोंडाबाई पिठाचा हात तिच्या पाठीवरून फिरवत राहिली. आदेशनं मुकाट्यानं टीव्ही बंद केला.

सदर असमर्थ महिलेच्या भाकऱ्या सात झाल्या होत्या.