टेलबाईंची मेथी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी टेलबाईंचं नाव घेतो. हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. पण वारज्याच्या आमच्या प्रशिक्षण संस्थेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे टेलबाईच म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. कालव्याच्या सुरुवातीला हेड म्हणतात आणि शेवटाला टेल. हेडवाले पोटभर पाणी घेतात, टेलवाले वाट बघत बसतात. बाई नोकरीभर टेलवाल्यांच्या बाजूने भांडल्या, आणि सुरुवात त्यांनी चहापासून केली.

पहिल्या दिवशी मी सवयीने शेवटच्या बाकावर बसलो होतो. दारव्ह्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. पुण्यात पुढे बसायची हिंमत नव्हती. चहाचा ट्रे आला तो थेट माझ्यासमोर. मी दचकून म्हणालो, "आधी पुढच्या साहेबांना द्या."

"का? चहाला काय झालंय?" दारातून आवाज आला. सुती साडी, पायात गमबूट, अशा अवतारात बाई उभ्या होत्या. "अहो, घ्या. आपल्याकडे पाळी टेलकडून सुरू होते. हेडवाले कधी तहानेने मेल्याचं ऐकिवात नाही."

हा नियम कोणासाठीही बदलत नसे. एकदा उद्घाटनाला एक फार मोठे साहेब आले. चहा मागच्या बाकावरून निघाला आणि व्यासपीठाच्या अलीकडेच किटली संपली. साहेबांनी रिकाम्या ट्रेकडे पाहिलं. बाई अदबीने म्हणाल्या, "आपल्यापर्यंत पोचला नाही का? टेलचे लोक आम्हाला कायम हेच विचारतात." साहेब हसले. हसण्याशिवाय दुसरं काही त्यांना मिळणारही नव्हतं.

आम्ही राज्यभरातून आलेले तरुण अभियंते. जुन्या कालव्यांवर मोटरची गेटं आणि सेन्सर बसवून ते मोबाइलवरून कसे चालवायचे, हे शिकायला आलो होतो. कोणी पडद्यावर रंगीत आराखडा दाखवला की बाई चष्मा वर करून बघत. "बाण सुरेख काढलेत. तुमच्याकडे पाणीसुद्धा असंच सरळ जातं का?" तो बिचारा आपोआप खाली बसे.

संस्थेच्या मागच्या अंगणात त्यांनी सिमेंटचा छोटा कालवा बांधून घेतला होता. त्याच्या कडेने मातीचे वाफे, आणि प्रत्येक वाफ्यात मेथी. दोघादोघांना एक वाफा. मातीतला सेन्सर ओलावा सांगणार, त्यावरून गेट आपोआप उघडणार. अट एकच. "मेथी वाळली, तर प्रमाणपत्र नाही."

ही अट माझ्यासाठी गंमत नव्हती. प्रमाणपत्राशिवाय नव्या गेटांच्या कालव्यावर नेमणूक मिळणार नव्हती. कार्यालयात फायली लावत बसावं लागलं असतं. त्यातून माझ्या वडिलांनी सायकल दुरुस्तीच्या दुकानात प्रमाणपत्रासाठी रिकामी काचेची फ्रेम आधीच टांगून ठेवली होती. रोज फोन यायचा, "फ्रेम तं टांगली ना बाबू. कागद कवा येते?"

माझा जोडीदार शेख, पक्का पुणेकर. आमचा वाफा अगदी टेलला, वर्गाच्या मागच्या दाराबाहेर. आम्ही दोघं दिवसातून कितीदा तरी मोबाइल बघत होतो. 'ओलावा पुरेसा.' प्रत्येक वेळी पुरेसा. शेवटच्या आठवड्यात बाई पाहणीला निघाल्या, तर सगळ्यांची मेथी हिरवीगार आणि आमची आडवी पडलेली.

"मॅडम, सेन्सर बिघडलाय," शेख म्हणाला.

बाई गमबुटांसकट उकिडव्या बसल्या. सेन्सरजवळची चिमूटभर माती उचलून त्यांनी नाकाशी धरली. "वेलची," त्या म्हणाल्या.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. टेलकडून सुरुवात असल्यामुळे मागच्या बाकांचे कप काठोकाठ भरत. तेवढा चहा कोणाला संपत नसे. उरलेला जो तो मागच्या दारातून न बघताच बाहेर ओतत असे, आणि तो बरोबर आमच्या सेन्सरच्या कोपऱ्यात पडत असे.

"सेन्सरला कशाला नावं ठेवता? ओलं आहे का विचारलंत, त्याने आहे म्हणून सांगितलं. चहा ओलाच असतो."

"पण मोबाइलवर सगळं..."

"मोबाइल खिशात होता. मेथी दाराबाहेर होती. दाराबाहेर पाऊल टाकायला कोणाची परवानगी लागत होती?"

मी कसाबसा म्हणालो, "मॅडम, आमचे बाबा फ्रेम टांगून बसलेत."

"मग त्यांना म्हणावं, काच पुसत राहा. नवी मेथी आली की कागद येईल."

सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कोणी पाहिलं नाही असं मला वाटलं.

बाकीचे प्रमाणपत्रं घेऊन गेले. शेख रोज घरून यायचा. माझी वसतिगृहातली खोली मात्र कोणीतरी न सांगता वाढवून दिली होती. रविवारी नारायण पेठेतून स्कूटरवर टेलबाई यायच्या. "मेथी बघायला आले," म्हणायच्या, आणि मेथीकडे न बघता आधी विचारायच्या, "जेवलात?" डबा असायचाच.

मेथी आली. बाईंनी ती स्वतः खुडून घरी नेली. दुसऱ्या दिवशी भाजीचा डबा आणला आणि डब्याखालून दोन प्रमाणपत्रं काढली. माझ्या प्रमाणपत्राच्या कोपऱ्यावर हळदीचा तेलकट डाग होता. "राहू दे. बाबांना सांगा, कमाईचा आहे." वडील आजही गिऱ्हाइकांना आधी तो डाग दाखवतात, मग माझं नाव.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. मला जाता आलं नाही. शेख सांगत होता की निरोपाला त्यांना व्यासपीठावर बसवलं होतं, चहा नेमाने मागून निघाला आणि त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. इतक्या खुशीत त्यांना कोणी पाहिलं नव्हतं म्हणे. परवा मी त्यांना पत्र लिहिलं, ते असं:

"आदरणीय मॅडम, सादर नमस्कार.

माझ्या कालव्यावर नवी गेटं बसून पहिलं पाणी सुटलं. टेलला पोचलं, असं मोबाइल सांगत होता. मी मोटरसायकल काढून गेलो. सेन्सरच्या जरा पुढे, शेतांकडे जाणाऱ्या चारीत म्हशी बसल्या होत्या आणि पाणी त्यांच्यामागे तुंबलं होतं. म्हशी उठवल्या आणि तिथेच उभा राहिलो. दिवस मावळायच्या आत शेवटच्या शेतात पाणी शिरलं. शेतातल्या आजी मला म्हणाल्या, 'साहेब, रस्ता चुकले काय?' आजवर तिथे कोणी साहेब गेलेलाच नव्हता.

त्यांनी मला मेथीची जुडी दिली. ती आपल्याला पाठवणार होतो. पण नारायण पेठेत पोचेपर्यंत वाळली असती, आणि आपण प्रमाणपत्र परत मागितलं असतं.

आपला,
शेवटच्या बाकावरचा"