कानाने मिरची ओळखणारा

पंचवटीतला आमचा मसाला कुटणारा मिरची नुसती बघत नाही. कानाशी धरून मोडतो आणि ऐकतो. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी त्याच्या डंकावर गेले, तर म्हणाला, "वहिनी, मऊ आहे. अजून दोन उन्हं द्या, मग या."

सासूबाईंनी वर्षाचा मसाला पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलेला, आणि मी मोठी शहाणी! तणतणत पलीकडच्या डंकावर गेले. त्याने हसत कुटून दिला. श्रावणात बरणी उघडली, तर मसाल्याला बुरशी. सासूबाई पुढे वर्षभर आमटीत चव शोधत राहिल्या, तेही पाहुण्यांसमोर.

पुढच्या उन्हाळ्यात मुकाट्याने याच्याकडेच आले. मिरची कट्‌कन मोडली. "आता कशी बोलली!" एवढंच म्हणाला. गेल्या वर्षीचं अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर मी दुसऱ्या डंकाची पायरी चढले नाही.

आता त्याला माणसांचं कमी ऐकू येतं. म्हणून यंदा मी खडखडीत वाळलेल्या मिरच्यांवर एक मऊ मिरची मुद्दाम ठेवली. त्याने ती कानाशी धरली, मग खालच्या दोन मोडून बघितल्या आणि मऊ मिरची माझ्या हातात परत दिली.

"वहिनी, ही खोडी घरी न्या. बाकीच्या ओता इकडे."