सुग्राभाभीचा न धरलेला रोजा

दर रमजानला आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते आणि दर रमजानला माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गोष्ट माझ्या मोठ्या जावेची, सुग्राभाभीची. ऐन मे महिन्यात, रोजा धरलेला असताना ती गाद्या भरता भरता कोसळली, पण पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही, अशी ती गोष्ट. सांगतात तिचे यजमान, माझे मोठे दीर मुनाफभाऊ. ऐकणारे माना डोलावतात. भाभी तिथेच भज्यांचा कांदा चिरत असते. ती मान वर करत नाही.

आम्ही भडगावचे पिंजारी. घरासमोर पत्र्याची शेड आहे, त्यात रुई पिंजायचं यंत्र. पुरुष रुई पिंजतात. आम्ही बायका खोळी शिवतो, रुई भरतो आणि दाभणाने टाके घालतो. भाभीचा हात कामाला पक्का आणि तोंड कमी बोलणारं. गादी तयार झाली की तिच्यावर गुडघा रोवून बघते. खड्डा पडून राहिला तर कुणाचं काही न ऐकता टाके उसवते आणि सगळी रुई बाहेर काढते. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. खोटं काम तिला चालत नाही, आणि तिच्याच नावावर एवढी मोठी खोटी गोष्ट खपत होती.

रमजान चंद्रावर चालतो, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आता तो थंडी संपता संपता येतो. भाभी कोसळली तेव्हा तो मेमध्ये होता, आणि आमच्याकडचा मे म्हणजे काय ते आमच्याकडे येऊनच बघावं. शेडचा पत्रा तापायचा, रुईचे तंतू नाकातोंडात जायचे, वरून लग्नसराईचं काम. भाभीला त्या काळात पाळीचा फार त्रास होता. एकदा सुरू झाली की थांबायची नाही.

पाळीत बाईला रोजा नाही. हे माझं म्हणणं नाही, धर्माचं सांगणं आहे. ते दिवस सोडायचे आणि पुढे सवडीने भरून काढायचे. अल्लाने सूट दिली, आमच्या सासूने दिली नाही. घरातल्या पुरुषांना कळता कामा नये, हा तिचा कायदा. म्हणून त्या दिवसांतही पहाटे सगळ्यांबरोबर सहेरीच्या जेवणाला बसायचं आणि दिवसभर कोरड्या ओठांनी वावरायचं. पाणी प्यायचं तर लपून. आणि पाण्याचा माठ कुठे, तर शेडच्या तोंडाशी, यंत्राजवळ, पुरुषांच्या डोळ्यांसमोर! मी निगरगट्ट, मोरीतल्या बादलीतलं पाणी ओंजळीने प्यायचे. भाभीला ते कधी जमलं नाही.

त्या दुपारी ती अर्ध्या भरलेल्या गादीवर वाकली आणि तशीच आडवी झाली. मला वाटलं, टाका घालतेय. हलवलं तर अंग गार. तिला उताणं केलं तेव्हा खालची नवी कोरी खोळ लाल झालेली दिसली. सासू धावत आली. तिने आधी काय आणावं? पाणी नाही. चादर आणली, आणि ती भाभीवर नाही, त्या गादीवर टाकली.

चाळीसगावला नेलं. तिथे डॉक्टरीणबाई विचारत होत्या, हिने शेवटचं पाणी कधी प्यायलं. सासू म्हणाली, "रोजा शे तिले." ती गोष्ट तिथे, त्या दवाखान्यात जन्माला आली. भाभीची पिशवी काढली, रक्त चढवलं, आणि भेटायला आलेले पाहुणे खाटेशी उभे राहून तिच्या इमानाचं कौतुक करत होते. मला एकेकाला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. चंद्र दिसावा म्हणून हेच लोक गच्चीवर चढून माना ताणतात, दिसला की एकमेकांना मिठ्या मारतात. त्याच चंद्रासारखं महिन्याच्या महिन्याला बाईच्या अंगात जे येतं जातं, त्याचं मात्र नावही घ्यायचं नाही. बाई मेली तरी चालेल.

पुढे सासू गेली. अल्ला तिला माफ करो, मी अजून केलेलं नाही. तिचा कायदा राहिला, माठ जागेवर राहिला आणि गोष्ट दरवर्षी वाढत गेली.

यंदा भाभीला सून आली. तरन्नुम, धुळ्याची. सासरचा तिचा पहिलाच रमजान. दोन दिवस पोरीचा चेहरा उतरलेला होता, एकदा मोरीत ओकतानाही मी पाहिलं. पाळी आलीय हे मला कळलं, भाभीलाही कळलं असणार. दुपारी खोळ धरून उभी असताना पोरगी झोकांडली आणि तिने भिंतीला हात टेकला. मुनाफभाऊंनी ते पाहिलं, आणि त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला.

"पोरी, जराशी कळ काढ. तुनी सासू मे महिनामा पडनी व्हती, पन तिनी रोजा सोडा नही!"

मी दाभण खाली आपटलं. बोलायला तोंड उघडणार, तोवर भाभी उठली होती. ती सरळ शेडच्या तोंडाशी गेली, माठातून पेला भरला आणि सगळ्यांसमोर सुनेच्या हातात दिला.

"पी."

पोरगी सासऱ्याकडे बघत राहिली.

"तिकडे काय देखस? पी," भाभी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "हाई पोरले आज रोजा नही शे. त्या दिन माले बी नव्हता."

मुनाफभाऊंनी यंत्र बंद केलं. "काय बोली राहिनी तू?"

"मनी पाळी व्हती. माठ तुमना समोर व्हता, माले पानी पेता उनं नही. म्हनीसन पडनू मी."

तरन्नुम घटाघटा पाणी प्यायली. मग मुनाफभाऊ हळूच म्हणाले, "मंग तवय सांगं का नही?"

या माणसाला एवढंच सुचावं! रक्ताने भिजलेली गादी त्याने स्वतः उकिरड्यावर टाकली होती, आणि विचारतोय, सांगितलं का नाही.

"तुम्ही इचारं का?" भाभी म्हणाली. "आते तो माठ उचला आनि घरमा ठेवा."

त्यांनी उचलला. पाणी सांडत सांडत, पण उचलला. त्या संध्याकाळी रोजा सोडताना गोष्ट कुणी सांगितली नाही.

ईद झाली, शीरखुर्मा झाला, घर पुन्हा दिवसा जेवायला लागलं. एके दिवशी सकाळी भाभीने चहाला नकार दिला. म्हणाली, "आज मना रोजा शे. त्या सालना." त्या वर्षीचे सुटलेले रोजे तिला कधी भरून काढताच आले नव्हते. रोजा धरूनच ती कोसळली असं सगळ्यांनी ठरवल्यावर भरून कशाचं काढणार? पाण्याबरोबर हेही तिच्यापासून हिरावलं होतं, हे मलाही इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

मावळतीला ती एकटीच स्वयंपाकघरात खजूर घेऊन बसली. अजान झाली. मुनाफभाऊ आत आले, त्यांनी माठातून पेला भरला आणि तिच्यापुढे धरला. भाभीने हात पुढे केला नाही.

"खाले ठेवा," ती म्हणाली.

त्यांनी पेला जमिनीवर ठेवला. ते बाहेर जाईपर्यंत ती थांबली, मग स्वतःच्या हाताने पेला उचलून पाणी प्यायली.